५, १९, १०१, ६१९… फॅक्टोरियलच्या वजा-अधिक बेरजा नेहमी मूळच येतात का?

फळा-खडू, फोंडा

नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या गणित दिवसासाठी आठवी ते दहावीच्या मुलांकडून एक मोठा तक्ता करून घ्यायचा आहे. विषय फॅक्टोरियल आणि मूळ संख्या. फॅक्टोरियलची ओळख माटोळीवरून, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात त्या चौकटीवरून, करून द्यायची ठरली आहे. नारळ, चिबूड, तोरिंग, निरफणस आणि सुपारीचा घड अशा पाच वस्तू एका दांडीला ओळीने बांधायच्या. पहिल्या जागी पाचांपैकी कुठलीही, दुसऱ्या जागी उरलेल्या चारांपैकी, असं करत ५×४×३×२×१ = १२० तऱ्हा; हाच ५! (पाच फॅक्टोरियल). सहावी वस्तू आणली की ७२०. इथवर काही अडचण नाही.

पुढचा भाग असा. फॅक्टोरियल उतरत्या क्रमाने लिहायचे आणि मधे वजा, अधिक, वजा, अधिक अशी चिन्हं घालायची:

३! − २! + १! = ५
४! − ३! + २! − १! = १९
५! − ४! + ३! − २! + १! = १०१
६! पासून सुरू केलं की ६१९
७! पासून ४४२१
८! पासून ३५८९९

सहाही उत्तरं मूळ संख्या आहेत, प्रत्येक तपासली आहे. आता तीन प्रश्न:

एक, तक्त्यावर ‘अशी बेरीज नेहमी मूळ संख्याच येते’ असं लिहिलं तर चालेल का?

दोन, संगणकावरच्या शीटमध्ये हेच १८! पर्यंत नेलं तर ६०६६३८२७८६८०९०२० असं उत्तर दिसतं. शेवटी शून्य, म्हणजे सम संख्या. नमुना इथे तुटतो असं समजायचं का?

तीन, याच जातीचं आणखी काही आहे का, जे मुलांना वहीत हाताने करता येईल?

---

बाकी शून्य, म्हापसा

‘नेहमी’ हा शब्द तक्त्यावर नको. नमुना १८ ला नाही, ९ लाच तुटतो. मात्र तुटतो कसा ते मुलांना हाताने दाखवता येतं, आणि माझ्या मते तक्त्यावरची सर्वांत चांगली जागा त्यालाच द्यावी.

आधी लिहिणं सोपं करून घेऊ. क! पासून सुरू होणाऱ्या बेरजेला ब(क) म्हणू. दरवेळी सगळी ओळ नव्याने मांडायची गरज नाही, कारण

ब(क) = क! − ब(क−१)

म्हणजे नवा फॅक्टोरियल घ्या आणि त्यातून आधीचं उत्तर वजा करा. १२० − १९ = १०१, ७२० − १०१ = ६१९, ५०४० − ६१९ = ४४२१, ४०३२० − ४४२१ = ३५८९९. मग ३,६२,८८० − ३५,८९९ = ३,२६,९८१.

ही ३,२६,९८१ संयुक्त आहे: ७९ × ४१३९.

हे शोधायला सरळ भागाकार करत गेलं तर २, ३, ५, ७ असं मोजत बाविसाव्या मूळ संख्येला, म्हणजे ७९ ला, बाकी शून्य येते. सातवी-आठवीतली बहुतेक मुलं ४० च्या आसपास कंटाळून ‘मूळ आहे’ म्हणून मोकळी होतील. म्हणून शोधायचं काम त्यांना देऊ नका. ७९ आधीच सांगा आणि बाक्यांचा खेळ करायला द्या. त्यात सहा आकडी संख्येला हातही लावावा लागत नाही.

दर पायरीला ७९ ने भागून फक्त बाकी ठेवायची. फॅक्टोरियलच्या बाक्या: १, २, ६, २४. मग १२० − ७९ = ४१. पुढे ४१×६ = २४६, त्यातून २३७ गेले की ९. ९×७ = ६३. ६३×८ = ५०४, त्यातून ४७४ गेले, ३०. ३०×९ = २७०, त्यातून २३७ गेले, ३३.

आता याच बाक्यांवर वरचा नियम चालवा:

१
२ − १ = १
६ − १ = ५
२४ − ५ = १९
४१ − १९ = २२
९ − २२ = −१३, त्यात ७९ मिळवले, ६६
६३ − ६६ = −३, म्हणजे ७६
३० − ७६ = −४६, म्हणजे ३३
३३ − ३३ = ०

नवव्या पायरीला तेहतिसातून तेहतीस. मुलं इथे नेमकी चुकतात ती ऋण बाकीपाशी. −१३ आल्यावर कोणी १३ लिहितं, कोणी चिन्ह विसरतं. ‘ऋण आलं की एकदा ७९ मिळवायचे’ हे फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे गाडी रुळावरून घसरणार नाही.

आणि तुटलं म्हणजे संपलं असंही नाही. ब(१०) = ३३,०१,८१९ पुन्हा मूळ आहे. ब(११), ब(१२), ब(१३), ब(१४) संयुक्त, ब(१५) परत मूळ. त्यापुढे १९, ४१, ५९, ६१, १०५, १६० या जागी मूळ संख्या येतात.

---

कुळागर, सांगे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तो शून्य खरा नाही.

ब(१८) ची खरी किंमत ६०६६३८२७८६८०९०१९ आहे, सोळा अंकी. शीट एका खान्यात पंधराच अंक नीट दाखवते. सोळावा अंक पूर्णांकात घेऊन त्या जागी शून्य ठेवते, म्हणून …९०१९ चं …९०२० झालं. ब(१९) तर अठरा अंकी आहे. तिथे शेवटचे तीन अंक सरळ ००० दिसतील आणि एखादा मुलगा ‘हिला १००० ने भाग जातो’ असं लिहून मोकळा होईल.

साध्या कॅल्क्युलेटरचीही हीच गत. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर १३! = ६,२२,७०,२०,८०० जेमतेम मावतो. बारा अंकी असेल तर १४! पर्यंत. १५! तेरा अंकी आहे, तो मावत नाही. शीटवर १७! पंधरा अंकी आहे, म्हणून १७ पर्यंत डोळे मिटून विश्वास ठेवा, त्यापुढे नाही. पायथन या संगणकभाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही. शाळेत संगणक शिक्षक असतील तर चार ओळींत काम होईल. एक पथ्य पाळा: भागाकाराला दोन तिरक्या रेघांचं चिन्ह वापरा. एक रेघ दिली की उत्तर दशांशात येतं आणि परत तेच पंधरा-सोळा अंकांचं दुखणं मागे लागतं.

पण चूक पकडायला संगणक लागतही नाही. आपला जुना ताळा आहे की.

पहिला ताळा: ब(क) सम असूच शकत नाही. ओळीत शेवटी १! असतो, तो विषम, बाकी सगळे सम. तेव्हा शेवटी शून्य दिसला त्याच क्षणी उत्तर चुकलं म्हणून समजायचं.

दुसरा ताळा: शेवटचा अंक. ५! पासून पुढे प्रत्येक फॅक्टोरियलच्या शेवटी ० आहे. म्हणून ४ पासून पुढे ब(क) चा शेवटचा अंक आळीपाळीने ९ आणि १ येतो. क सम असेल तर ९, विषम असेल तर १. १९, १०१, ६१९, ४४२१, ३५८९९, ३२६९८१, बघा लावून. १०! च्या शेवटी दोन शून्यं आहेत, म्हणून १० पासून पुढे शेवटचे दोन अंक १९ आणि ८१. १५! च्या शेवटी तीन शून्यं, म्हणून १५ पासून ९८१ आणि ०१९. ब(१८) चा शेवट ०१९ च हवा.

तिसरा ताळा मला सर्वांत आवडतो, नवाचा. ६! = ७२० पासून पुढे प्रत्येक फॅक्टोरियलला ९ ने भाग जातो. म्हणून अंकांची बेरीज करत एकच अंक उरवला तर:

ब(५): १+०+१ = २
ब(६): ६+१+९ = १६, ७
ब(७): ४+४+२+१ = ११, २
ब(८): ३+५+८+९+९ = ३४, ७
ब(९): ३+२+६+९+८+१ = २९, ११, २

दोन, सात, दोन, सात, असं शेवटपर्यंत. तुमच्या शीटमधल्या उत्तराची बेरीज ७१, म्हणजे ८. सात हवे होते. खऱ्या उत्तराची बेरीज ७९, सोळा, सात. सोळा अंकांतली चूक पाचवीतलं मूल बोटांवर मोजून दाखवू शकतं. तक्त्यासमोर येणाऱ्या पालकांना हाच खेळ द्या.

---

फळा-खडू, फोंडा

देव बरें करूं दोघांनाही. नवाचा ताळा नक्की घेणार, आणि ७९ ची पट्टीही.

पण एक गोष्ट मनात राहून जाते. ओळीने सहा मूळ संख्या हा नुसता योगायोग म्हणायचा का? ३५,८९९ च्या आसपास तर दहा-अकरा संख्यांमागे साधारण एकच मूळ संख्या असते.

---

गणिताचा नाद, डिचोली

योगायोग थोडा आहे, पण त्याच्या खाली भक्कम कारण आहे. या संख्यांना २, ३, ५, ७, ११ यांपैकी कशानेच भाग जात नाही. अपवाद एकच, ब(३), जी स्वतःच ५ आहे. संयुक्त होण्याचे सगळे सोपे रस्ते आधीच बंद झालेले असतात.

११ घेऊन पाहू. ब(१) पासून ब(१०) पर्यंत ११ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा:

१, १, ५, ८, २, ३, १०, ६, ६, ४

यात शून्य नाही. आणि दहाच्या पुढे बघायचीही गरज नाही. ११! पासून पुढच्या प्रत्येक फॅक्टोरियलमध्ये ११ हा गुणक बसलेलाच आहे, त्याची बाकी ०. मग ब(११) ची बाकी ० − ४, म्हणजे ७. ब(१२) ची ० − ७, म्हणजे ४. पुढे अखंड ७, ४, ७, ४. अकराला पहिल्या दहा पायऱ्यांत संधी होती, ती गेली. आता कधीच मिळणार नाही.

हाच विचार इतरांना लावा. ३ ची गाडी १ आणि २ वर अडकते. ५ ची ४ आणि १ वर. ७ च्या बाक्या १, १, ५, ५, ३, ३ आणि मग कायम ४, ३, ४, ३. कुणालाच पुन्हा शून्य नाही.

आता मोजा. एखाद्या संख्येला २ ने भाग जात नाही हे आधीच ठाऊक असेल तर ती मूळ असण्याची शक्यता दुप्पट होते. ३ ही वगळला की दीडपट, ५ वगळला की सव्वापट, मग ७/६ पट, मग ११/१० पट. सगळं गुणलं की ४.८ पट. म्हणजे ३५,८९९ एवढ्या संख्येला साडेदहात एक अशी शक्यता धरली, तर आपल्या संख्येला ती जवळजवळ निम्मी आहे.

लहान संख्यांना तर वावच नाही. १९ आणि १०१ या १३ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १६९ पेक्षा, लहान आहेत. ११ पर्यंतचा एकही विभाजक नाही म्हटल्यावर त्या मूळ असणारच, तपासायलाही नको. ६१९ ला फक्त चार भागाकार पुरतात: १३ ने बाकी ८, १७ ने ७, १९ ने ११, २३ ने २१. संपलं. ४४२१ ला १३ ते ६१ तपासावं लागतं, आणि खरा पेच पडतो तो ३५,८९९ पासून.

१३ ची कथा अकरापेक्षा वेगळी आहे, ती जरूर करून बघायला द्या. बाक्या: १, १, ५, ६, १०, ८, १, ६, ५, १, ०, १२. अकराव्या जागी शून्य! म्हणून ब(११) = ३,६६,१४,९८१ = १३ × २८,१६,५३७. पण ही एकुलती एक खेप. बारावी बाकी १२ आली, आणि पुढे १ आणि १२ यांत फिरत राहायचं. १३ ने भाग जाणारी बेरीज सगळ्या अनंत रांगेत ही एकच.

आता यातून जे निघतं ते मला फार सुंदर वाटतं. समजा एखादी मूळ संख्या प अशी सापडली की ब(प−१) लाच तिने भाग जातो. म्हणजे प ची संधी संपायच्या नेमक्या शेवटच्या पायरीला शून्य आलं. मग पुढे काय होईल? ० − ० = ०, परत ०, परत ०. त्यापुढच्या प्रत्येक बेरजेला प ने भाग जाणार आणि रांगेत पुन्हा कधीही मूळ संख्या येणार नाही.

अशी प आहे. सर्बियाचे गणितज्ञ मिओद्राग झिव्कोविच यांनी १९९९ साली ती प्रसिद्ध केली: ३६,१२,७०३. म्हणजे ब(३६,१२,७०२) पासून पुढे एकूणएक बेरजा संयुक्त. या रांगेतल्या मूळ संख्या मोजक्याच आहेत, हे त्यामुळे सिद्ध झालं. तक्त्यावर ‘नेहमी मूळ’ च्या जागी लिहायचं वाक्य हे आहे: सुरुवातीच्या सहा मूळ, आणि एका टप्प्यानंतर एकही नाही.

---

मांडवीकाठ, पणजी

तिसऱ्या प्रश्नासाठी माझी भर. मुलांना क! + १ द्या. वजा-अधिकपेक्षा सोपं, आणि त्यात एक ठरलेला गैरसमजही सापडतो.

मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता शिकवताना ‘सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला’ असं सांगितलं जातं, आणि मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की अशी संख्या मूळच असते. तसं मुळीच नाही. क! + १ ला क पर्यंतच्या कुठल्याही संख्येने (१ सोडून) भाग जात नाही, एवढंच. क च्या वरचे अवयव असू शकतात:

१!+१ = २, २!+१ = ३, ३!+१ = ७ — तिन्ही मूळ
४!+१ = २५ = ५×५
५!+१ = १२१ = ११×११
६!+१ = ७२१ = ७×१०३
७!+१ = ५०४१ = ७१×७१
८!+१ = ४०३२१ = ६१×६६१
९!+१ = ३६२८८१ = १९×७१×२६९
१०!+१ = ३६२८८०१ = ११×३२९८९१
११!+१ = ३९९१६८०१ — मूळ

चार ते दहा, सलग सात वेळा संयुक्त, आणि मग अकराला एकदम मूळ. तिच्यापुढची क = २७ ला येते, नंतर ३७, ४१, ७३, ७७.

५०४१ वर वर्गात हमखास घोटाळा होतो. वर्गमूळ बरोबर ७१ आहे. ‘वर्गमूळापर्यंत तपासायचं’ म्हणताना मुलं ६७ ला थांबतात, कारण ७१ हे वर्गमूळच, ‘त्याच्या आतलं’ नव्हे. आणि संख्या मूळ ठरवून मोकळी होतात. वर्गमूळ स्वतः पूर्णांक आलं तर तेही धरायचं, हे ठळक लिहा.

तक्त्यात ४, ५ आणि ७ च्या ओळी वेगळ्या रंगाने काढा. तिथे पूर्ण वर्ग मिळतात: ५, ११ आणि ७१ यांचे. असा चौथा क आहे का? ब्रोकार यांनी हा प्रश्न १८७६ साली मांडला आणि रामानुजन यांनीही १९१३ मध्ये विचारला होता. शंभर कोटीपर्यंतचे क तपासून झाले आहेत, चौथा मिळालेला नाही. नाहीच, अशी सिद्धताही नाही. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, तेव्हा हा प्रश्न त्या दिवशी तक्त्यावर असायलाच हवा.

६!+१ ला ७ ने, १०!+१ ला ११ ने, ४!+१ ला ५ ने भाग जातो, हे लक्षात आलं असेल. हे विल्सनचं प्रमेय: प मूळ असेल तर (प−१)!+१ ला प ने भाग जातो. त्याचं कारण ११ घेऊन जोड्या लावल्या की उघड दिसतं. १ ते १० या संख्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा. ज्यांच्या गुणाकाराला ११ ने भागल्यावर १ उरतो अशा जोड्या मुलांना शोधू द्या:

२×६ = १२
३×४ = १२
५×९ = ४५
७×८ = ५६

चारही गुणाकारांची बाकी १. उरल्या १ आणि १०. म्हणून १०! ची बाकी १०, त्यात १ मिळवला की ११, बाकी शून्य. आता १० ची चिठ्ठी बाजूला काढा. उरतो ९!, त्याची बाकी १. म्हणजे ९!−१ ला ११ ने भाग जायला हवा. जातो, तोही दोनदा: ३६२८७९ = ११×११×२९९९. त्याच न्यायाने ५!−१ = ११९ ला ७ ने भाग जातो, ७×१७.

दहा चिठ्ठ्या आणि पंधरा मिनिटं, बाकी काही लागत नाही. १३ च्या चिठ्ठ्या केल्या तर पाच जोड्या लागतील आणि १ व १२ उरतील. १२ किंवा १५ घेऊ नका. मूळ संख्या नसेल तर काही चिठ्ठ्यांना जोडीदारच मिळत नाही. पण का मिळत नाही हे दहावीच्या मुलांना विचारायला छान.

---

बाकी शून्य, म्हापसा

मांडवीकाठ यांच्या तक्त्याला जोडून आणखी एक, आणि हा नमुना अजून टिकून आहे.

क! मध्ये १ ऐवजी त्याहून मोठी, पण लहानात लहान अशी संख्या मिळवायची की उत्तर मूळ येईल. किती मिळवावे लागतात ते लिहा:

३! + ५ = ११
४! + ५ = २९
५! + ७ = १२७
६! + ७ = ७२७
७! + ११ = ५०५१
८! + २३ = ४०३४३

मिळवलेल्या ५, ५, ७, ७, ११, २३ याही मूळ. ८! ला २३ पर्यंत जावं लागतं, कारण आधीचे सगळे फसतात: ४०३३१ = ३१×१३०१, ४०३३३ = ५३×७६१, ४०३३७ = ११×३६६७, ४०३३९ = १३×२९×१०७.

कारण सोपं आहे. ७! मध्ये ६ मिळवले तर दोघांनाही ६ ने भाग जातो, उत्तर संयुक्त. ९ किंवा १० मिळवले तरी ३ किंवा २ ने भाग जातोच. म्हणून मिळवायच्या संख्येत २, ३, ५, ७ यांपैकी एकही अवयव नको. अशी पहिली संयुक्त संख्या १२१. तिच्या आत मूळ उत्तर मिळालं की मिळवलेली संख्या मूळच असणार. आपल्याला अकरालाच मिळालं. पुढे क वाढला की मर्यादाही वाढत जाते, साधारण क च्या वर्गाएवढी.

फॅक्टोरियलच्या जागी २×३×५×७ असा नुसत्या मूळ संख्यांचा गुणाकार घेतला तर हाच प्रश्न रीओ फॉर्च्यून यांच्या नावाने ओळखला जातो. ते पेशाने मानववंशशास्त्रज्ञ होते. मिळवलेली संख्या नेहमी मूळच येते हा त्यांचा अंदाज. त्याला सिद्धता नाही आणि उलट उदाहरणही नाही.

---

फळा-खडू, फोंडा

तक्त्याचा आराखडा बदलला. वर माटोळी आणि १२०. मधे सहा मूळ बेरजा, त्यांच्या पुढच्याच ओळीत लाल खडूने ३,२६,९८१ = ७९ × ४१३९, आणि बाजूला ‘३३ − ३३ = ०’ ची पट्टी. खाली डावीकडे नवाचा ताळा, उजवीकडे क!+१ ची रांग, तीत तीन वर्ग निळ्या रंगात. समोर टेबलावर अकराच्या चिठ्ठ्या.

एकच शंका उरली. १३ ची बाकी-रांग मुलांनी करायची तर फॅक्टोरियलच्या बाक्या आधी लिहून द्याव्या का?

---

गणिताचा नाद, डिचोली

पहिल्या चार द्या, पुढच्या त्यांना काढू द्या. अख्खी रांग ताळ्यासाठी तुमच्याजवळ असू द्या: १, २, ६, ११, ३, ५, ९, ७, ११, ६, १, १२. चौथी २४ − १३ = ११. पुढे दरवेळी आधीच्या बाकीला पुढच्या क ने गुणायचं आणि १३ काढत जायचं: ११×५ = ५५, त्यातून ५२ गेले, ३. ३×६ = १८, ५. बारावी बाकी १२ आली की समजा वाटेत कुठे चूक नाही, कारण मांडवीकाठ यांनी सांगितलेल्या विल्सनच्या प्रमेयाप्रमाणे १२! ची बाकी १२ च यायला हवी. १२ आली नाही तर ११ आणि ९ च्या पायऱ्या आधी बघा. ७×९ = ६३ मधून ५२ वजा करून ११ उरतात, तिथे घाईत ६५ वजा करायला जातात.